साहेब, पुढच्या भेटीत टाचण राहू द्या, चार वह्या मागा

प्रति,
तालुक्यातले सगळे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी साहेब, डाएटमधून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून) भेटीला येणारे सर-मॅडम, आणि हातात फॉरमॅट घेऊन आमच्या वर्गाच्या दारात उभे राहणारे बाकी सगळे

सप्रेम नमस्कार,

खरं तर हे पत्र मुख्याध्यापकांमार्फत, जावक क्रमांक टाकून, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशा भाषेत पाठवायला हवं होतं. तसं पाठवलं असतं तर आवक रजिस्टरला नोंद झाली असती आणि विषय तिथेच मिटला असता, म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. कुणा एकावर राग नाही. सतरा वर्षं झाली नोकरीला, या काळात निदान तीसेक भेटी बघितल्यात, त्यातले बरेच साहेब स्वभावाने चांगलेच होते, चहा न घेता जाणारेही होते आणि स्वतः खडू हातात घेऊन शिकवून दाखवणारेही दोन होते. बोलायचंय ते माणसांबद्दल नाही, तुम्ही काय बघता त्याबद्दल.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्याकडे भेट झाली. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट ३१. मी आणि सर, आम्ही विषय वाटून घेतलेत, गणित चारही वर्गांना मी घेते आणि तिसरी-चौथीचा परिसर अभ्यासही माझ्याकडेच आहे. परिपाठ नुकताच संपला होता तेव्हा साहेब आले, साधारण तासभर थांबले, त्या तासात टाचण वही (रोजच्या पाठांची तयारी लिहितो ती) बघितली, वार्षिक नियोजन, घटक नियोजन, हजेरी, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहाराचं रजिस्टर, तांदळाचा साठा, शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसीडिंग, हँडवॉश स्टेशनचा नळ, सगळं बघितलं, फोटो काढले, ऑनलाइन माहितीची लिंक भरली. मुलांशी बोलणं झालं ते जाता जाता, पहिलीतल्या एकीला नाव विचारलं, चौथीतल्या एकाला सतराचा पाढा विचारला, तो सतरा सक्कं एकशे दोनपर्यंत न अडखळता गेला, साहेब म्हणाले शाब्बास, आणि झालं. चार मिनिटं असतील फार तर.

शेरेबुकात आलं ते असं: इ. २ री गणित, घटक नियोजनानुसार तीन आठवडे मागे, नियोजन काटेकोर राबवावे. परिसर अभ्यास समाधानकारक.

यातलं गणिताचं वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि परिसर अभ्यासाचं साफ चुकीचं. पण जिथे मी खरं काम केलं होतं तिथे मला शेरा बसला आणि जिथे मी खरोखर चुकले होते तिथे मी ‘समाधानकारक’ निघाले. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

आधी गणिताचं सांगते. दुसरीत मुलं शंभरपर्यंतचे अंक लिहायला लागतात तेव्हा काय होतं ते तुमच्यातल्या जे शिक्षक होते त्यांना आठवत असेल. मराठीत सत्तावीस म्हटलं की आधी सात ऐकू येतो मग वीस, मूल जे ऐकतं ते लिहितं, लिहितं ७२. इंग्रजीत ट्वेंटी सेव्हन असं सरळ येतं, आपल्याकडे उलटं. आणि त्यात ‘एकोण’ची गंमत वेगळीच. एकोणपन्नास म्हणा, पोराला पन्नास ऐकू येतं, म्हणून तो आधी ५ लिहितो, नऊ कुठून तरी आठवतो, म्हणून ५९. एकोणतीसचे ३९, एकोणसाठचे ६९. ही चूक आळशी मुलाची नाही, हुशार मुलाचीच आहे, त्याने भाषेचं ऐकलंय. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेत गाजलं, व्हॉट्सअॅपवर जोक फिरले. ते बरोबर होतं की चूक यावर मी आत्ता बोलत नाही, पण ज्या अडचणीवर तो उपाय शोधला होता ती अडचण हसून गेलेली नाही, ती अजून माझ्या वर्गात दुसऱ्या ओळीत बसलेली आहे.

तर मी काय केलं, वार्षिक नियोजनात या घटकाला जेवढे तास होते ते संपले तरी पुढे गेलेच नाही. झाडूच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करायला सांगितले, एकोणपन्नास म्हटलं की आधी पाच गठ्ठे मांडायचे आणि मग त्यातल्या एका गठ्ठ्याचं रबर सोडून एक काडी मला परत द्यायची. तीन आठवडे हेच. कंटाळा आला मुलांना? पहिल्या आठवड्यात आला. दुसऱ्या आठवड्यात एक पोरगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली बाई म्हणजे पन्नासला एक कमी पडला म्हणून एकोण होय! मी तिला हे सांगितलं नव्हतं हो. मी फक्त काड्या दिल्या होत्या.

आता हे तीन आठवडे कशासाठी, ते दुसरीच्या वर्गात उभं राहून दिसत नाही, ते दिसतं चौथीत. फळ्यावर ५०२ वजा २४७ लिहा. ज्या मुलाला गठ्ठा सोडणं म्हणजे काय ते हाताने कळलेलं नाही, तो बऱ्याचदा लिहितो ३४५. तोंडी विचारा का, तर तो सांगेल सातातून दोन गेले पाच, चारातून शून्य गेला चार, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं, वर कोण खाली कोण बघितलंच नाही. मधला शून्य आला की हातचा कुणाकडून मागायचा हे त्याला समजत नाही, कारण शंभराचं दहा गठ्ठ्यांत रूपांतर होतं आणि मग त्यातला एक गठ्ठा सुटतो, हे त्याने कधी बघितलेलंच नसतं. मी हा काड्यांचा उद्योग करायला लागल्यावर पहिली जी बॅच दुसरीतून गेली ती भेटीच्या वर्षी चौथीत होती, नऊ मुलं, त्यातल्या सात जणांनी २५५ काढलं आणि दोघांनी चुकवलं, त्या दोघांपैकी एक मुलगा ऊसतोडीच्या सीझनला आईबापाबरोबर जातो, तो त्या तीन आठवड्यांत शाळेत नव्हताच. हे सगळं त्या दिवशी शाळेत हजर होतं. वह्या कपाटात होत्या, मुलं समोर बसली होती. कुणी मागितलं असतं तर दहा मिनिटांत दिसलं असतं.

आता माझी चूक. तिसरीला आपण नकाशा शिकवतो, आपला जिल्हा, तालुके, नद्या. माझी मुलं नकाशात आपल्या तालुक्यावर पटकन बोट ठेवतात, शेजारचे तालुके सांगतात, जिल्ह्याच्या सीमा पाठ आहेत, तक्ता भिंतीवर आहे, तक्त्याचा फोटो तुमच्या लिंकमध्येही आहे. भेटीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सहज मी विचारलं की आपल्या शाळेमागचा ओढा कुठे जातो रे. सगळे गप्प. एक जण म्हणाला पुलाखालून जातो. बरं मग पुढे? पुढे माहीत नाही. उत्तर दिशा कुठली विचारलं तर सगळ्यांनी छताकडे हात केले, कारण तक्त्यावर उत्तर वर असते! मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी धडा ‘घेतला’ होता, स्वाध्याय सोडवून घेतला होता, नोंदी होत्या, टाचण होतं, नियोजनाच्या एकही दिवस मागे नव्हते. मुलांना नकाशा म्हणजे जमिनीचं चित्र आहे हेच कळलं नव्हतं. सतरा वर्षांत ही गोष्ट एकाही भेटीत कुणी पकडली नाही आणि खरं सांगू का, पकडली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

तुम्ही म्हणाल, बाई, अभ्यासक्रम राज्याचा आहे, पुस्तक बालभारतीचं आहे, शाळेचा वेगळा अभ्यासक्रम असतो कुठे, आम्ही फक्त अंमलबजावणी बघतो. हे मला अनेकदा ऐकवलं गेलंय. पण दोन शिक्षकांत चार वर्ग असतात तेव्हा गणित साधं आहे, प्रत्येक वर्गाला एका शिक्षकाचा अर्धाच वेळ मिळतो, कधी त्याहून कमी, कारण सर मीटिंगला असले की मी एकटी आणि वर्ग चार. मग पुस्तक कितीही राज्याचं असलं तरी कशावर थांबायचं, काय धावत घ्यायचं, काय आधी आणि काय नंतर, चौथीला शिकवताना तिसरीने काय करत बसायचं, हे सगळं मीच ठरवते, मी नाही ठरवलं तर ते आपोआप ठरतं आणि आपोआप ठरलेलं बहुतेक वेळा वाईट असतं. माझ्या शाळेचा अभ्यासक्रम म्हणजे ही ठरवाठरवी. तो कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २४ मध्ये शिक्षकाने ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करायचा असं लिहिलंय, मान्य, पण त्याच कलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता बघून लागेल तसं जादा शिकवायचंही लिहिलंय. पहिलं वाक्य रकान्यात बसतं आणि दुसरं बसत नाही, एवढाच फरक.

आणि रकाने काही कमी नाहीयेत. २०१० ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, वर्णनात्मक नोंदी आल्या, त्या नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली, ‘सुंदर अक्षरात लिहितो’, ‘वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो’, तीच वाक्यं अख्ख्या तालुक्यातल्या मुलांना चिकटली. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला, त्याच वर्षी शेवटी शेवटी शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायची शाळा सिद्धी, सात क्षेत्रं, ४६ मानकं. मग अध्ययन निष्पत्ती आल्या, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्याची यादी, त्याचे तक्ते भिंतीवर लागले. मग पायाभूत वाचन-गणिताचं निपुण. मग आता शाळेची गुणवत्ता तपासायचं स्क्वाफ, त्यात १२८ मानकं, प्रत्येक मानकाला आपणच आपला स्तर ठरवायचा आणि पुरावा जोडायचा. त्यातलं पहिलंच क्षेत्र अभ्यासक्रम, अध्यापनशास्त्र आणि मूल्यांकन असं आहे, वाचून मला आनंद झाला होता की चला आता तरी कुणी हे बघणार. पण बघायला माणूस येण्याआधी पुरावा अपलोड करायचा असतो आणि पुरावा म्हणजे काय तर फोटो. काडीचा गठ्ठा सोडताना त्या मुलीच्या डोक्यात काय झालं त्याचा फोटो कसा काढू सांगा.

मधल्या काळात ती एकात्मिक पुस्तकं होती ना, चार भागांची, प्रत्येक पाठानंतर ‘माझी नोंद’ची कोरी पानं. दप्तराचं ओझं कमी झालं, पुस्तकांचा आकार वाढला. एका भेटीत आमच्याकडे कितीतरी वेळ ती पानं भरलीत का हेच मोजलं गेलं. मग काय, आमच्याकडे पोरांनी भरली, काहींनी फळ्यावरून उतरवून, एकाने ट्रॅक्टर काढून. २०२५ ला शासनानेच ती पानं बंद केली. ट्रॅक्टर मात्र छान काढला होता त्याने.

माझी एक मावसबहीण इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, तिच्याशी फोनवर हे बोलत होते तर ती म्हणाली अगं आमच्याकडे तर अभ्यासक्रमाचीच तपासणी होते. तिकडे ऑफस्टेड म्हणून तपासणीचं खातं आहे. २०१९ च्या सप्टेंबरपासून त्यांनी पद्धत बदलली, आधी परीक्षेच्या निकालाच्या आकड्यांवर फार भर होता, त्यामुळे शाळा काय करायच्या तर सहावीच्या मुलांना वर्षभर नुसतं इंग्रजी आणि गणित घोटून घ्यायच्या, इतिहास-भूगोल-चित्रकला बाजूला. मग त्यांनी ठरवलं की शाळा काय शिकवायचं ठरवते आणि का, ते वर्गात कसं उतरतं, आणि मुलाच्या डोक्यात शेवटी काय राहतं, या तीन गोष्टी बघायच्या. त्यासाठी तेव्हा ‘डीप डाईव्ह’ करायचे, म्हणजे चार-पाच विषय निवडायचे, प्राथमिकला त्यात वाचन असणारच, आणि त्या विषयात खोल उतरायचं, विषय बघणाऱ्या शिक्षकाशी बोलायचं, मग त्याच विषयाचे वेगवेगळ्या इयत्तांचे तास बघायचे, त्याच मुलांच्या वह्या बघायच्या आणि मग त्याच मुलांना समोर बसवून विचारायचं की मागच्या वर्षी काय शिकलात, ते आत्ता कुठे उपयोगी पडलं. ऐकून मला वाटलं की हेच तर! माझ्या काड्या आणि ५०२ वजा २४७ हे या पद्धतीत सापडलं असतं. आणि ओढाही सापडला असता.

पण ती पुढे जे म्हणाली तेही सांगते, नाहीतर अर्धवट होईल. तिच्या शाळेत सात शिक्षक, त्यामुळे एकेकाकडे दोन-दोन तीन-तीन विषयांची जबाबदारी, ती स्वतः विज्ञान, संगीत आणि भूगोल बघते आणि संगीतातलं तिला ओ की ठो कळत नाही. तपासणीचा फोन आदल्या दिवशी यायचा आणि मग रात्रभर जागून सगळे विषयाची ‘गोष्ट’ पाठ करायचे. खोटा डीप डाईव्ह करून सराव घेणारे सल्लागार निघाले, पैसे घेऊन. मुलांनाही कुणी विचारलं तर काय सांगायचं ते शिकवून ठेवलं जायचं. म्हणजे फिरून तेच, टाचणाऐवजी नवीन प्रकारचं टाचण. आणि या सगळ्याच्या शेवटी अख्ख्या शाळेला एकच शब्द मिळायचा, उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. रीडिंग शहरातल्या एका मुख्याध्यापिकेने २०२३ च्या जानेवारीत आत्महत्या केली, त्यांची शाळा ‘उत्कृष्ट’वरून एकदम ‘अपुरी’वर आली होती, तिथे कारण अभ्यासक्रमाचं नव्हतं, मुलांच्या सुरक्षिततेच्या नोंदींबाबतचं होतं, पण चौकशीत तिथल्या कॉरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) स्पष्ट म्हटलं की त्या मृत्यूला तपासणीही कारणीभूत होती. त्यानंतर २०२४ च्या सप्टेंबरपासून सरकारी शाळांना एका शब्दाचा शेरा देणं त्यांनी बंद केलं. बहीण म्हणाली प्रश्न चांगले होते गं, पण उत्तराची किंमत फार मोठी ठेवली होती, म्हणून कुणी खरं उत्तर द्यायला धजत नव्हतं.

हे माझ्या डोक्यात बसलं. कारण आपल्याकडेही भेटीत मला कुणी विचारलं असतं की बाई यंदा काय सोडलंत, तर मी काय सांगितलं असतं? काहीच सोडलं नाही साहेब, सगळं झालं. खोटं बोलले असते. कारण खरं सांगितलं तर खुलासा सादर करा, २४ तासांच्या आत.

आणि हा तिढा काही आजचा नाही. दीडशे वर्षांमागे इंग्लंडमध्ये आणि मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान अशी पद्धत होती, इन्स्पेक्टर येणार, मुलांची परीक्षा घेणार, जेवढी पास तेवढे पैसे, आणि मग शाळांनी जेवढं विचारतात तेवढंच घोटून घेतलं, हे तेव्हाच लोकांना दिसलं होतं. १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांनी प्राथमिक शाळांच्या तपासणीबद्दल लिहिलंय. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा फारसा उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी एकदा तरी तपासणी व्हावी आणि अधूनमधून न कळवताही यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मजा म्हणजे त्याच निवेदनात शाळेत काय शिकवावं तेही आहे, मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य, आणि खेड्यातल्या शाळांना जोडून छोटी नमुना शेती असावी असं. म्हणजे काय शिकवायचं आणि ते कसं तपासायचं या दोन गोष्टी त्यांनी एकाच कागदावर मांडल्या. आम्ही मात्र एकीची फाईल एका कपाटात आणि दुसरीची दुसऱ्यात ठेवतो.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. केंद्रप्रमुखांची किती पदं रिकामी आहेत ते आम्ही बघतोय, एकेका सरांकडे दोन-दोन केंद्रांचा, म्हणजे शाळागटांचा, चार्ज, स्वतःच्या शाळेचा वर्ग वेगळा, त्यात ‘आजच दुपारी दोनपर्यंत’वाल्या माहित्या. एका विस्तार अधिकारी साहेबांनी मला भेटीनंतर गाडीत बसता बसता सांगितलं होतं, मॅडम मला कळतंय तुम्ही काय म्हणताय, पण वर पाठवायला मला आकडा लागतो, गोष्ट पाठवता येत नाही. ते मनापासून बोलले होते. नियतकालिक चाचण्यांचे गुण आम्ही पोर्टलवर भरतो, ते वर जातात, मग शिक्षण परिषदेत त्याचे बार दाखवतात आणि आमचं केंद्र तालुक्यात सहावं येतं, मग सगळे सहाव्यावरून चौथ्यावर कसं जायचं बोलतात. ३४५ कुठून येतं ते त्या बारमध्ये नसतं.

मग करायचं काय? माझं मागणं फार छोटं आहे आणि त्याला नवीन अॅप लागत नाही, प्लीज नवीन अॅप काढू नका. पुढच्या भेटीत, सगळं बघायच्या भानगडीत न पडता, एकच धागा धरा. स्थानिक किंमत धरा, किंवा वाचून स्वतःच्या शब्दांत सांगणं धरा, किंवा नकाशा. मग प्रत्येक इयत्तेतून एक-एक वही मागा, आम्ही काढून देऊ ती नको, आम्ही सुंदर अक्षराचीच देणार, हजेरीपटावरचा नंबर तुम्ही सांगा, समजा सगळ्या वर्गांतला पाच नंबर. चार वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवा. पहिलीत काय आहे, ते दुसरीत कुठे गेलं, तिसरीत तेच पुन्हा पहिल्यापासून चाललंय का, चौथीत एकदम उडी आहे का. मग त्या चार मुलांना बोलवा आणि त्यांच्याच वहीतलं एक चुकलेलं उदाहरण दाखवून विचारा, हे असं का केलंस रे. बरोबर आलेलं विचारू नका, चुकलेलं विचारा. मुलं काय सुरेख सांगतात, एकदा बसून तर बघा.

आणि मग मला विचारा. टाचण का नाही असं नको. इथे तीन आठवडे का थांबलात, आणि त्या बदल्यात काय सोडलंत, आणि सोडलेलं पुढे कधी घेणार, की घेणारच नाही. माझ्याकडे उत्तर नसेल तर शेरा जरूर लिहा, चांगला लांबलचक लिहा, मला चालेल. पण उत्तर असेल तर ‘मागे’ हा शब्द लिहू नका. तोच शब्द मग पुढच्या वर्षी दुसऱ्या साहेबांना दिसतो, तेही तिथूनच सुरुवात करतात, आणि मी एकतर काड्या कपाटात ठेवते किंवा टाचणात एक लिहून वर्गात दुसरं करते. दुसरं मी केलंय, हे इथे कबूल करते. बरेच जण करतात.

आमच्या चुका लपवायला हे पत्र लिहिलेलं नाही. या पद्धतीने बघितलंत तर माझ्याच चुका जास्त सापडतील, चौथीच्या अपूर्णांकांचं मलाच बघवत नाहीये. शेजारच्या शाळेतल्या एक मॅडम वाचन इतकं छान घेतात की मला वाटतं तुम्ही त्यांच्याकडे बघावं आणि मला येऊन सांगावं की त्या काय करतात, कारण मला तिथे जायला रजा मिळत नाही आणि तुम्ही मात्र दर आठवड्याला शाळाशाळांतून फिरता. तुमच्याइतकं कुणी बघितलेलं नसतं. बीटातल्या, म्हणजे तुमच्याकडे दिलेल्या भागातल्या, वीस-पंचवीस शाळांमधले एकोणपन्नास तुम्ही बघू शकता, मी फक्त माझे. २०२५ ला पहिलीला नवीन पुस्तक आलं, बाकीच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने बदलत जाणार, मधल्या मुलांचं खालचं जुनं आणि वरचं नवीन असं होणार, तेव्हा कुठे सांधा निखळतोय हे आम्हा एकेका शाळेला आतून नाही कळणार. तुम्हाला बाहेरून कळेल. पण ‘नवीन पुस्तके वाटप झाली, होय/नाही’ एवढंच विचारत फिरलात तर नाही कळणार.

बाकी ओढ्याचं सांगायचं राहिलं. फेब्रुवारीत एका शनिवारी मी तिसरीच्या मुलांना घेऊन ओढ्याकाठाने चालत गेले, होकायंत्र नव्हतं, मोबाईलमधलं वापरलं, पाऊण तासात तो ओढा नदीला मिळतो तिथे पोचलो. येऊन मुलांनी फरशीवर खडूने नकाशा काढला, पूल, मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, आणि उत्तरेचा बाण ज्या बाजूला खरंच उत्तर आहे त्या बाजूला, म्हणजे पोषण आहाराच्या खोलीकडे. या कार्यक्रमाला परवानगी घेतली नव्हती आणि नियोजनात तो कुठेच नव्हता, हेही नोंदवून घ्या हवं तर.

या म्हणजे कधीही या. फोन करायची गरज नाही. फक्त गुरुवार टाळा, गुरुवारी आमच्याकडे बाजार असतो, निम्मी पोरं आईबरोबर भाजी विकायला बसतात, आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब तिथे माझ्या वर्गापेक्षा चांगला शिकतात. किंवा असं करा, गुरुवारीच या, बाजारातून चक्कर मारून मग शाळेत या. चहा मी करते.

आपल्याच बीटातली,
एक शिक्षिका